पाटी कोरी करून मिळेल?

शाळेतली पाटी पुसायला थुंकी पुरायची. पोलिस ठाण्यातल्या रजिस्टरला ती चालत नाही. बांधावरची हाणामारी, गणपतीच्या वर्गणीवरून झालेली बाचाबाची, कॉलेजात असताना मोर्चात दिलेल्या घोषणा... प्रकरण कधीच मिटलेलं असतं. फिर्यादी आणि आरोपी एकाच टपरीवर कटिंग पीत असतात. मग एक दिवस नोकरीची ऑर्डर येते, मागोमाग चारित्र्य पडताळणी येते. ठाण्यातला अंमलदार संगणकात नाव टाकतो आणि मान वर न करता म्हणतो, "तुमच्या नावावर एक गुन्हा दिसतोय."

हे 'दिसणं' बंद करता येतं का? येतं, पण सरसकट नाही. आपल्या कायद्याच्या कंपासपेटीत एकच मोठा खोडरबर नाही, बारके बारके पुष्कळ आहेत. कुठला कुठे चालतो हे कळलं की अर्धं काम झालं. तर ही घ्या त्या खोडरबरांची चटपटीत यादी. मधूनमधून बर्गर, पिझ्झा आणि चेटकीणसुद्धा भेटेल.

आधी वाईट बातमी

अमेरिकी मालिकांत वकील सांगतो, "तुझा रेकॉर्ड सील करून घेऊ." आपल्याकडे प्रौढ माणसाची जुनी शिक्षा अमुक वर्षांनी पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदाच नाही. एफआयआर रद्द करणं, दोषमुक्ती, अपिलात निर्दोष सुटणं, परिवीक्षा, राष्ट्रपती किंवा राज्यपालांची माफी आणि अल्पवयीनांसाठी वेगळी व्यवस्था, असे हे तुकडे आहेत. त्यातला आपल्या मापाचा तुकडा आपणच शोधायचा.

४८२ गेलं, ५२८ आलं

वर्षानुवर्षं वकिलांच्या तोंडी एकच आकडा होता: "फोर एटी टू टाकू." म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२, उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार. कायद्याचा गैरवापर होत असेल तर उच्च न्यायालय गुन्हाच रद्द करू शकतं, बोलीभाषेत 'क्वॅश' करू शकतं. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि हेच कलम ५२८ झालं. जुन्या वकिलांची जीभ अजून ४८२ वरच घसरते.

मुंबई उच्च न्यायालयात एफआयआर रद्द करण्याचा अर्ज दोन न्यायमूर्तींसमोर चालतो. पश्चिम महाराष्ट्र आणि तळकोकणातल्यांची यात एक मोठी सोय झाली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचं काम सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या लोकांची रात्रीची गाडी पकडून मुंबईला जाण्याची पायपीट त्यामुळे वाचली.

ज्याच्या नावानं गुन्हे रद्द होतात, त्याचाच गुन्हा रद्द झाला नव्हता!

गुन्हा रद्द करण्याच्या जवळजवळ प्रत्येक अर्जात एक नाव सापडतं: भजनलाल. हरियाणाचे माजी मुख्यमंत्री. १९९२ च्या निकालपत्रांत छापून आलेल्या त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सात प्रकारची उदाहरणं दिली. फिर्यादीत लिहिलेलं सगळं खरं मानलं तरी गुन्हा होत नाही, आरोप इतके अतर्क्य आहेत की शहाणा माणूस विश्वासच ठेवणार नाही, सूड उगवायला फिर्याद दिली आहे, अशा वेळी गुन्हा रद्द करता येतो.

यातली गंमत ऐका. त्या खटल्यात उच्च न्यायालयानं भजनलाल यांच्यावरची एफआयआर रद्द केली होती आणि सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा उभी केली. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला अधिकार नव्हता म्हणून झालेला तपास तेवढा बाद ठरवला. थोडक्यात, देशभरचे आरोपी ज्या निकालाचा हात धरून सुटतात, त्या निकालात खुद्द एफआयआर जिवंत राहिली.

'आमचं मिटलंय, साहेब'

काही गुन्हे कायद्यानंच तडजोडपात्र असतात. ते खालच्या कोर्टात मिटतात आणि तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच होतो. काही गुन्ह्यांत मात्र दोन्ही बाजूंनी गळाभेट घेतली तरी कायदा म्हणतो, तडजोड नाही. नवरा-बायकोच्या भांडणातलं, विवाहितेच्या छळाचं जुन्या दंड संहितेतलं कलम ४९८-अ हे त्यातलंच. मग घटस्फोट समजुतीनं झाला, पोटगी ठरली, दोघंही आपापल्या वाटेला लागले तरी खटला चालूच!

ही कोंडी सर्वोच्च न्यायालयानं २००३ च्या बी. एस. जोशी खटल्यात फोडली आणि २०१२ च्या ग्यान सिंग निकालात नियम पक्का केला. खासगी स्वरूपाचा वाद असेल आणि मनापासून समेट झाला असेल तर उच्च न्यायालय तडजोडपात्र नसलेला गुन्हाही रद्द करू शकतं. खून, बलात्कार, दरोडा, भ्रष्टाचार अशा समाजाला धक्का देणाऱ्या गुन्ह्यांत मात्र 'आमचं मिटलं' हे उत्तर सहसा चालत नाही.

कोर्टातलं दृश्य बघण्यासारखं असतं. फिर्यादीनं 'हरकत नाही' असं शपथपत्र दिलेलं असतं. न्यायमूर्ती त्याला पुढे बोलावतात, ओळखपत्र बघायला सांगतात आणि विचारतात, "कुणाच्या दबावाखाली देताय का?" तो मान हलवतो. "तोंडानं सांगा." "नाही साहेब, मर्जीनं." पाच मिनिटांत आठ वर्षांचं भांडण निकाली! बाहेर व्हरांड्यात दोन्हीकडचे वकील एकमेकांना टाळी देतात. पक्षकारांचं मात्र एकमेकांकडे बघायचं की नाही, हे अजून ठरत नसतं.

दंड म्हणून बर्गर, पिझ्झा आणि ताक

समेटानं गुन्हा रद्द करताना न्यायालयं कधीकधी अट घालतात: झाडं लावा, समाजसेवा करा, देणगी द्या. दिल्ली उच्च न्यायालयाच्या काही अटी तर थेट मेनूकार्डातून आल्यासारख्या आहेत.

२०२२ मध्ये एका विभक्त जोडप्याच्या वादातून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना न्यायालयाला कळलं की आरोपी बर्गरचा धंदा करतो. आदेश निघाला: दोन अनाथालयांतल्या मुलांना बर्गर खाऊ घाला, तेही स्वच्छ आणि चांगल्या प्रतीचे. २०२५ मध्ये पाळीव प्राण्यांवरून भांडलेल्या शेजाऱ्यांचे एकमेकांवरचे गुन्हे रद्द झाले. त्यात पिझ्झाचा धंदा निघाला, म्हणून अट पडली की सरकारी बालगृहातल्या मुलांना पिझ्झा आणि ताक द्या. भांडण कुणाचं आणि चंगळ कुणाची!

समरीची बाराखडी

ही आपल्या महाराष्ट्रातली गंमत. तपासात काही हाती लागलं नाही, तर आपल्याकडे पोलिस आरोपपत्राऐवजी 'समरी' पाठवतात. तिचे वर्ग लक्षात ठेवा:

• अ समरी: गुन्हा घडला हे खरं, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा जुळला नाही. चोरीला गेलेल्या बऱ्याच मोटारसायकलींचा शेवट इथे होतो.

• ब समरी: फिर्यादच खोटी आणि द्वेषापोटी दिलेली. ज्याच्यावर आळ आला त्याच्यासाठी यापेक्षा चांगला कागद नाही.

• क समरी: खरीही नाही, खोटीही नाही. गैरसमजातून दिलेली, किंवा मुळात दिवाणी स्वरूपाचं भांडण. व्यवहारातले पैसे बुडाले म्हणून फसवणुकीची फिर्याद दिली की शेवट बहुधा इथे.

समरी पोलिसांनी पाठवली म्हणजे काम झालं, असं समजू नका. ती दंडाधिकाऱ्यांनी मंजूर करावी लागते आणि त्याआधी फिर्यादीला हरकत घेता येते. 'माझ्यावरची केस पोलिसांनी बंद केली' म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी मंजुरीचा आदेश डोळ्यांनी पाहिलेला नसतो.

'सुटलो' या शब्दाचे तीन अर्थ

जामिनावर बाहेर आला तरी आपल्याकडे गावभर 'सुटला' म्हणतात. ते काही सुटणं नव्हे. खरे प्रकार असे.

दोषमुक्ती म्हणजे डिस्चार्ज. खटला सुरू होण्याआधीच न्यायालय म्हणतं, याच्याविरुद्ध चालवण्यासारखं काही नाही. नव्या संहितेनं या अर्जाला ६० दिवसांची मुदत घातली आहे. पूर्वीसारखं 'बघू पुढच्या तारखेला' आता चालणार नाही. दुसरा प्रकार निर्दोष मुक्तता, म्हणजे खटला पूर्ण चालून सुटणं. त्याच्याच पोटात तिसरा प्रकार दडलेला आहे, 'संशयाचा फायदा'.

'सन्मानपूर्वक निर्दोष' अशी संज्ञा फौजदारी संहितेत कुठेही नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंच २०१२ च्या समुतिरम निकालात नोंदवलं. तरी पोलिस खात्यातल्या नोकरीचा प्रश्न आला की हाच फरक काढला जातो. साक्षीदार फितूर झाले म्हणून सुटलात, की आरोप खोटेच होते म्हणून? निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद म्हणून जपून वाचावा.

सगळ्यात महाग पाचशे रुपये

किरकोळ गुन्हा, पाचवी-सहावी तारीख, कामावर खाडा. कोर्टाच्या बाकावर शेजारी बसलेला कुणीतरी कानात सांगतो, "कबूल हो म्हणावं, पाचशे रुपये दंड भरावा, मोकळं व्हावं." माणूस भरतोही आणि मोकळा होऊन घरी जातो.

कायद्याच्या भाषेत तो मोकळा झालेला नसतो. त्याच्यावर गुन्हा सिद्ध झालेला असतो. दंडाची रक्कम कितीही लहान असो, दोषसिद्धी ती दोषसिद्धीच. पुढे फॉर्मवर 'आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय?' असा रकाना आला की उत्तर 'होय' द्यावं लागतं. कबुली देण्याआधी वकिलाला एवढंच विचारा: ही केस लढून सुटण्यासारखी आहे का?

चुकीला बक्षीस नाही, पण संधी आहे

पहिल्याच चुकीला तुरुंग नको, या विचारानं १९५८ मध्ये परिवीक्षा कायदा आला. बोलीभाषेत 'प्रोबेशन'. कलम ३ नुसार काही लहान गुन्ह्यांत न्यायालय नुसती समज देऊन सोडू शकतं. कलम ४ नुसार चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतं. आरोपी २१ वर्षांखालचा असेल तर, जन्मठेपेपर्यंत न जाणाऱ्या गुन्ह्यांत, तुरुंगात का पाठवतोय याची कारणं न्यायालयाला लिहावी लागतात.

खरा मुद्दा कलम १२ मध्ये आहे. अशा प्रकारे सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. म्हणून पाटी कोरी झाली असं मात्र नाही. या कलमानं दोष पुसला जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे. सरकारी नोकर असाल तर खातं त्या वर्तनाबद्दल कारवाई करू शकतं.

न्यायमूर्तींना आठवली पावाची चोरी

दिल्ली पोलिसांत हवालदारपदासाठी एका तरुणानं अर्ज केला. तरुणपणीच्या एका मारामारीचा समेटानं मिटलेला खटला त्यानं फॉर्ममध्ये लिहिला नव्हता. उमेदवारी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २०११ मध्ये न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांच्या खंडपीठानं निकाल त्याच्या बाजूनं दिला. निकालपत्रात चक्क व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतला जाँ वालजाँ अवतरला. भुकेल्या घरासाठी पाव चोरला आणि जन्मभर चोर म्हणवून घेतलं, तो. जोडीला इंग्लंडच्या लॉर्ड डेनिंग यांचा १९७० चा निकालही आला. वेल्श भाषेसाठी भर कोर्टात घुसून गाणी म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना तुरुंगात घातलं होतं आणि अपिलात त्यांना सोडून दिलं गेलं. तात्पर्य असं की पोरवयातल्या चुकांकडे जरा पोरवयाच्या नजरेनं बघा.

पण लगेच हुरळून जाऊ नका. २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सगळे नियम एका जागी मांडले. घोषणा दिल्यासारखा किरकोळ प्रकार लपवला असेल तर मालक तो पोटात घालू शकतो. गंभीर गुन्हा लपवला तर नोकरी जाऊ शकते. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे असंही नाही, मालकाला विचार करण्याचा हक्क आहे. आपल्याकडच्या सरकारी भरतीत जो 'साक्षांकन नमुना' भरून घेतात, त्याचा प्रत्येक रकाना म्हणून दोनदा वाचावा. कितीतरी जणांच्या बाबतीत मूळ मारामारीपेक्षा तिची लपवाछपवीच महागात पडते.

मुलांची पाटी खरोखर पुसतात

आपल्या देशातला सगळ्यात चांगला खोडरबर १८ वर्षांखालच्यांसाठी राखून ठेवलेला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात 'नव्यानं सुरुवात' हे तत्त्वच लिहिलं आहे. कलम २४ सांगतं की मुलाला त्या गुन्ह्यामुळे पुढे कुठलीही अपात्रता चिकटणार नाही आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या. अपवाद एकच, अतिगंभीर गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्या ज्या मुलावर प्रौढासारखा खटला चालून दोष सिद्ध झाला, त्याच्या नोंदी राहतात.

कलम ७४ त्याहून कडक. चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा पोलिसांनी त्या मुलाची नोंद उघड करायची नाही. नियम मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सतराव्या वर्षीचं भांडण पंचविसाव्या वर्षी कुणी उकरून काढलं, तर हे कलम त्याच्यापुढे धरायचं.

अंगठ्याची आठवण ७५ वर्षं

बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखणारा जगातला पहिला ब्यूरो १८९७ मध्ये कलकत्त्यात निघाला, लंडनच्याही आधी. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या माणसांचा मोठा हात होता.

आता २०२२ च्या कायद्यानुसार पोलिसांनी घेतलेले ठसे, डोळ्यांच्या बुबुळांचे स्कॅन वगैरे नोंदी ७५ वर्षं डिजिटल स्वरूपात राहतात. त्याच कायद्यात एक खोडरबरही आहे. ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही आणि जो खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, त्याच्या नोंदी अपिलांचे मार्ग संपल्यावर नष्ट करायच्या. न्यायालयानं कारणं देऊन वेगळं सांगितलं तरच ठेवायच्या.

जन्मतःच लिहिलेली पाटी

एका माणसाची नोंद पुसायला इतकी यातायात. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींच्या कपाळी 'गुन्हेगार' लिहिलं. मूल पाळण्यात असतानाच संशयित! पुढे मुंबई इलाख्यातही हा कायदा आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड 'सेटलमेंट' उभी राहिली. आत राहायचं, हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवाना घ्यायचा.

देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं हा कायदा जिवंत होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. कागदावरचं पुसलं तरी पोलिसांच्या नजरेतलं पुसलं नाही, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'नं मराठी वाचकाला दाखवलं. त्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जुन्या कायद्याच्या जागी राज्याराज्यांत 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. मुंबई राज्याचा आला १९५९ मध्ये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या जातीवरच्या कामवाटपाचे नियम रद्द केले आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला. पाटीवरचं एक अक्षर पुसायचं सोडून रकानाच पुसला, असं हे दुर्मीळ उदाहरण.

संजूबाबाची उमेदवारी कशावर अडली?

शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिक्षेला स्थगिती मिळाली तर माणूस बाहेर येतो, पण दोषी राहतोच. निवडणूक लढवायला दुसरी स्थगिती लागते. नवज्योतसिंग सिद्धू यांना ती जानेवारी २००७ मध्ये मिळाली. ते अमृतसरची पोटनिवडणूक लढले आणि जिंकले. २००९ मध्ये संजय दत्तला लखनौमधून लोकसभा लढवायची होती. सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला आणि प्रचाराला निघालेली गाडी जागच्या जागी थांबली.

मोर्चाचे गुन्हे आणि सरकारची मेहेरबानी

राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याच्या घोषणा आपल्याकडे नियमानं होतात. घोषणा झाली की कार्यकर्ते फटाके लावतात. पण मंत्र्यांच्या घोषणेनं गुन्हा जात नाही. सरकारी वकिलानं अर्ज करायचा आणि न्यायालयानं संमती द्यायची, तेव्हाच खटला मागे जातो. आमदार-खासदारांच्या बाबतीत तर ऑगस्ट २०२१ पासून उच्च न्यायालयाची परवानगी लागते. फटाके तोवर कोरडे ठेवावेत.

कोर्टानं सोडलं, गूगल सोडेना

निर्दोष ठरलेल्या माणसाचं नाव इंटरनेटवर शोधलं की निकालपत्र पहिल्या पानावर. २०२१ मध्ये भारतीय वंशाच्या एका अमेरिकी नागरिकानं दिल्ली उच्च न्यायालयात गाऱ्हाणं मांडलं की मी सुटलोय, पण निकाल दिसतो म्हणून नोकरी मिळत नाही. न्यायालयानं तो निकाल शोधात येऊ नये असा अंतरिम आदेश दिला. मद्रास उच्च न्यायालयात निर्दोष ठरलेल्या एका गृहस्थाला ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व मिळताना अशाच निकालपत्राची अडचण झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या खंडपीठानं नाव झाकायला सांगितलं आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. एकीकडे माणसाचा खासगीपणा, दुसरीकडे न्यायालयाचं कामकाज सगळ्यांसाठी खुलं असण्याचं तत्त्व. केरळ उच्च न्यायालयाचा कल २०२२ मध्ये दुसऱ्या बाजूला झुकला होता. या सामन्याचा निकाल अजून लागायचा आहे.

साता समुद्रापार

इंग्लंडमध्ये १९७४ च्या कायद्यानुसार बऱ्याच शिक्षा ठरावीक वर्षांनी 'खर्ची' पडतात आणि त्यानंतर बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात त्या सांगाव्या लागत नाहीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियानं २०१८ मध्ये पहिल्यांदा असा कायदा केला की पात्र नोंदी संगणकच आपोआप सील करतो, अर्जसुद्धा लागत नाही.

मुलाला अमेरिकेला पाठवणाऱ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावं. तिथल्या व्हिसाचा अर्ज कधी अटक किंवा शिक्षा झाली का हे विचारतो, आणि माफी मिळालेली असली तरी सांगा म्हणतो. आपल्याकडे पुसलेलं तिथे विचारलं जातं. तेव्हा उत्तर खरं द्यायचं आणि सोबत निकालाची प्रत जोडायची.

उशिरा सुचलेले खोडरबर

• जोन ऑफ आर्कला १४३१ मध्ये जाळलं. तिच्या आईनं दाद मागितली आणि १४५६ मध्ये धर्मन्यायालयानं तो निकाल रद्द केला. २५ वर्षं.

• राजद्रोहाच्या शिक्षेमुळे महात्मा गांधींचं नाव लंडनच्या इनर टेंपलनं बॅरिस्टरांच्या यादीतून १९२२ मध्ये काढलं. परत घातलं १९८८ मध्ये. ६६ वर्षं.

• समलैंगिकतेसाठी १९५२ मध्ये दोषी ठरवलेल्या गणितज्ञ ॲलन ट्युरिंगला राणीची माफी मिळाली २०१३ मध्ये. ६१ वर्षं.

• १६९३ मध्ये चेटकीण ठरवलेल्या एलिझाबेथ जॉन्सनचं नाव अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०२२ मध्ये निर्दोष केलं. पाठपुरावा केला तो शाळेतल्या आठवीच्या मुलांनी. ३२९ वर्षं!

• आणि आपले लोकमान्य. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ च्या खटल्यात त्यांच्याच बाजूनं उभे राहिलेले वकील होते. १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीला, मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्याच कोर्टाबाहेर टिळकांच्या उद्गारांचा संगमरवरी फलक बसवला. शिक्षा देणाऱ्या इमारतीनं आरोपीचे शब्द स्वतःच्या भिंतीवर कोरून घेतले.

जाता जाता

आपल्याला एवढी वर्षं थांबायची गरज नाही. काम साधं आहे. प्रकरण मिटलं, रद्द झालं किंवा सुटलात, की नक्कल विभागात अर्ज करून आदेशाची प्रमाणित प्रत काढा. एक प्रत पोलिस ठाण्यात द्या, पोच घ्या, संगणकातली नोंद बदलली का ते महिन्याभरानं जाऊन विचारा. एक प्रत घरात ठेवा, रेशनकार्ड आणि सातबारा ज्या फाईलमध्ये आहेत त्याच फाईलमध्ये. आणि फॉर्ममध्ये विचारलं तर लपवू नका. 'होय' लिहून सोबत निकालाची प्रत जोडा. कोर्टानं पुसलेलं सगळ्यांना आपोआप दिसत नाही, ते कागदानिशी दाखवावं लागतं.